बुडी, पेटी आणि शिकाऊ माणूस : पाण्याखालील छायाचित्रणाच्या इतिहासाची एक बाजू

मालवणच्या समुद्रात बुडी मारून आलेल्या आमच्यासारख्या हौशी मंडळींपाशी बहुधा एक तरी छायाचित्र असते. माझ्यापाशीही आहे. त्यात वरपासून खालपर्यंत गढूळ हिरवा रंग पसरलेला असून उजव्या कोपऱ्यात काळसर पट्ट्यांचे काहीतरी निसटताना दिसते. तो मासा होता, हे मला ठाऊक आहे. पाहणाऱ्याला ते सांगावे लागते. वयाची चाळिशी उलटल्यावर पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पाण्यात उतरण्याचे धाडस मी केले आणि त्याच दमात भाड्याने मिळालेला एक लहानसा कॅमेराही हातात घेतला. खाली गेल्यावर दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतले, पाय आपोआप झाडले गेले, तळाची माती उठली आणि तोल सावरण्यासाठी मी एका खडकाला धरणार तोच बरोबरच्या प्रशिक्षकाने माझा हात अलगद बाजूला केला. त्या खडकावर प्रवाळ होते. वर आल्यावर तो एवढेच म्हणाला, "सर, आदी श्वास घेवक शिका, मगे फोटो काढा."

अध्यापकाच्या पेशात वीस वर्षे काढलेल्या माणसाला 'आधी शिका' असे कोणी सुनावले की ते बरेच दिवस मनात घोळत राहते. त्यातूनच पाण्याखालील छायाचित्रणाचा इतिहास वाचण्याचा नाद लागला. वाचता वाचता असे ध्यानात आले की, हा इतिहास जवळजवळ सर्वत्र 'पहिल्यां'ची यादी म्हणून सांगितला जातो. पहिले छायाचित्र, पहिला फ्लॅश, पहिले रंगीत चित्र, पहिला जलाभेद्य कॅमेरा, अशी ती यादी. परंतु या यादीतील नोंदी नीट उलगडून पाहिल्या, तर प्रत्येक नोंदीच्या मागे एक नवशिका उभा असलेला आढळतो. कोणाला बुडी येत होती पण कॅमेरा येत नव्हता, कोणाला कॅमेरा येत होता पण समुद्र ठाऊक नव्हता, तर कोणाला यांतले काहीच येत नव्हते. ही यादी यंत्रांची म्हणून वाचण्याऐवजी शिकण्याचा इतिहास म्हणून वाचता येईल काय, असा प्रश्न येथे मांडावयाचा आहे.

'पहिले कोण?' हा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. एम. ए.च्या वर्गात वाङ्मयेतिहास शिकवताना तो टाळता येत नाही. पहिली मराठी कादंबरी कोणती, असे विचारले की विद्यार्थी तत्परतेने बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन'चे नाव आणि १८५७ हे साल सांगतो. कादंबरी कशाला म्हणावयाचे, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेला नसतो आणि बहुतेक वेळा आम्हीही तो त्याला विचारायला लावत नाही. व्याख्या बदलली की 'पहिले'पणाचा मान दुसऱ्याकडे जातो, ही गोष्ट पाण्याखालील छायाचित्रणाच्या बाबतीत तर फारच स्पष्टपणे दिसते.

'यमुनापर्यटन'च्या एक वर्ष आधी, म्हणजे १८५६ साली, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वेमथ येथे विल्यम थॉम्पसन या गृहस्थांनी एका लाकडी पेटीत कॅमेरा बसवला, पेटीच्या पुढल्या बाजूस काच लावली आणि ती होडीतून दोरीने समुद्रात सोडली. थॉम्पसन हे पेशाने वकील आणि आवडीने निसर्ग-अभ्यासक. पुराच्या पाण्याने पुलाच्या खांबांची काय हानी होते, हे पाणबुड्या न पाठवता पाहता येईल काय, अशा व्यवहारी शंकेतून त्यांना ही कल्पना सुचली होती. कॅमेरा सुमारे साडेपाच मीटर खोलीवर तळाला टेकला. दोरी ओढून झडप उघडली आणि थॉम्पसन दहा मिनिटे होडीत बसून राहिले. पेटी वर घेतली तेव्हा पाण्याच्या दाबाने ती आत गळलेली होती. तरीही काचेच्या प्लेटवर तळाचे खडक आणि समुद्रवनस्पती अस्पष्टपणे उमटल्या होत्या.

आता प्रश्न असा की, हे पाण्याखालील पहिले छायाचित्र म्हणायचे की नाही? चित्र पाण्याखालचे होते, यात वाद नाही. पण छायाचित्रकार पाण्याखाली नव्हता. कॅमेऱ्याने काय पाहिले हे प्लेट धुऊन होईपर्यंत त्याला ठाऊक नव्हते. थॉम्पसन यांनी पुढे हा नाद सोडून दिला आणि त्यांचे काम जवळजवळ विस्मरणात गेले. म्हणून दुसरी व्याख्या पुढे येते. जो स्वतः पाण्यात उतरून काढतो, तो पहिला. मग मान जातो फ्रान्सकडे, लुई बूताँ या प्राणिशास्त्राच्या अध्यापकाकडे आणि साल येते १८९३. आद्यत्वाचा हा वाद सोडवण्यात मला रस नाही. मला या दोन तारखांमधल्या सदतीस वर्षांच्या अंतरात रस आहे, आणि त्याहून अधिक रस बूताँ यांनी १८९३ नंतर घालवलेल्या सहा-सात वर्षांत आहे.

लुई बूताँ यांचा जन्म १८५९ सालचा. भूमध्य समुद्राच्या काठी, स्पेनच्या सरहद्दीजवळ बान्यूल्स-सुर-मेर नावाचे गाव आहे. तेथील आरागो प्रयोगशाळेत ते मृदुकाय प्राण्यांचा अभ्यास करीत. त्यासाठी पाणबुड्याचा जड पोशाख चढवून, डोक्यावर धातूचे शिरस्त्राण घालून ते तळाशी उतरत. श्वासासाठी हवा वरच्या होडीतील पंपातून नळीने येई. म्हणजे बुडी त्यांना येत होती. छायाचित्रण मात्र पाण्याखाली कोणालाच येत नव्हते.

हा खटाटोप त्यांनी कशासाठी आरंभला, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे. समुद्रतळाच्या त्या विलक्षण देखाव्याने ते भारावून गेले होते. परंतु वर आल्यावर त्याचे वर्णन करावयाचे म्हटले, की ते कितीही काटेकोर केले तरी अपुरेच राहते, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून वर्णनाहून अधिक ठोस अशी काही खूण बरोबर आणावी, असे त्यांना वाटले. शब्द अपुरे पडतात म्हणून माणसे कवितेकडे वळल्याची उदाहरणे आपण नेहमी देतो. येथे एक शास्त्रज्ञ शब्द अपुरे पडले म्हणून तांब्याची पेटी घडवायला बसला.

पेटी घडवली त्यांच्या भावाने, ओग्युस्त बूताँ या अभियंत्याने. थॉम्पसन यांची पेटी जेथे हरली, तीच अडचण यांच्यापुढेही होती. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. बाहेरचा दाब वाढत जातो आणि आतली हवा होती तेवढ्याच दाबाची राहते. साहजिकच पाणी कोणत्याही फटीतून आत शिरू पाहते. यावर भावांनी काढलेला तोडगा साधा आणि सुंदर होता. पेटीला हवेने भरलेला एक रबरी फुगा जोडला. पेटी खोल गेली की पाणी फुगा दाबी, फुग्यातली हवा पेटीत जाई आणि आतबाहेरचा दाब सारखा राही. दाबाला अडवण्याऐवजी त्याच्याशी जुळवून घेण्याची ही युक्ती होती. पुढे माझ्या लक्षात आले की, पाण्याखाली कान दुखू लागले म्हणजे नाक चिमटीत धरून हळूच हवा सोडायला आपल्याला शिकवतात, तेही याच तत्त्वावर.

पण पेटी तयार झाली म्हणजे छायाचित्र तयार झाले, असे नव्हे. प्लेट ज्या काळात फार संथपणे प्रकाश टिपत, त्या काळात समुद्रतळाच्या अंधूक उजेडात एका चित्रासाठी अर्धा-अर्धा तास झडप उघडी ठेवावी लागे. अर्धा तास न हलणारे समुद्रात काय असते? खडक असतो, शिंपले असतात. मासा नसतो आणि पाणवनस्पतीही डोलत असते. शिवाय पाणबुड्याच्या जड बुटांनी तळाचा गाळ उठे, तो खाली बसेपर्यंत थांबणे आले. जड तिवई आणि पेटी दोरीने वरून उतरवावी लागत असे. म्हणजे 'पाण्याखालचा पहिला छायाचित्रकार' या एकवचनामागे पंप हाकणारे, दोर धरणारे, पेटी उतरवणारे असे अनेक हात होते. त्यांतले कोणी थांबले असते तर चित्र राहोच, चित्रकारही वर आला नसता.

उजेड कमी पडतो, तर उजेडच खाली न्यावा, असे नंतर ठरले. शोफूर नावाच्या विद्युत-तंत्रज्ञाने प्राणवायू भरलेल्या काचेच्या गोळ्यात मॅग्नेशियमची तार पेटवण्याची युक्ती काढली. आजच्या फ्लॅश-बल्बचा हा पूर्वज म्हणता येईल. मात्र तो भरवशाचा नव्हता. तापलेला गोळा फुटण्याची भीती असे. मग एका मोठ्या पिंपात प्राणवायू भरून, त्यावर काचेच्या घुमटाखाली स्पिरिटचा दिवा ठेवून, रबरी फुग्याने त्या ज्योतीवर मॅग्नेशियमची भुकटी फुंकण्याची व्यवस्था झाली. हे पिंप समुद्रात बुडवायचे म्हणजे त्याला केवढी वजने बांधावी लागली असतील, याची कल्पना करावी. १८९९ पर्यंत बूताँ यांनी विजेचे दिवे पाण्यात सोडून सुमारे पन्नास मीटर खोलीवरची चित्रे वरून नियंत्रण करून घेतली. त्याच वर्षी त्यांनी अंटार्क्टिकाच्या 'बेल्जिका' मोहिमेवरून परतलेले रुमानियन प्राणिशास्त्रज्ञ एमिल राकोवित्सा यांचे पाणबुड्याच्या वेशातील छायाचित्र पाण्याखाली काढले. पाण्याखालचे हे एक अत्यंत जुने व्यक्तिचित्र मानले जाते. १९०० साली बूताँ यांनी या सगळ्या अनुभवांचे पुस्तक प्रसिद्ध केले.

या पुस्तकाचे मोल मला वेगळ्या कारणासाठी वाटते. त्यात यशस्वी चित्रांइतकीच जागा अडचणींना आहे. कोणते यंत्र का सोडून द्यावे लागले, कोणत्या दिव्याने का फसवले, याचा हिशोब एका अध्यापकाने लपवाछपवी न करता मांडला आहे. आपल्याकडे लेखकांची हस्तलिखिते, खोडलेले खर्डे, नाकारलेल्या आवृत्त्या जपण्याची परंपरा क्षीण आहे. त्यामुळे तयार झालेली कृतीच आपल्यापुढे येते आणि ती जणू तशीच जन्मली असे विद्यार्थी समजतो. बिघडलेल्या प्लेटचा इतिहास ज्या क्षेत्राने लिहून ठेवला आहे, त्याचा मला हेवा वाटतो.

बूताँ यांची चित्रे कृष्णधवल होती. पाण्याखालच्या रंगांचा प्रश्न त्यांनंतर सव्वीस वर्षांनी हाती घेतला गेला, तोही एका शास्त्रीय गरजेतून. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्याच्या टोकाशी असलेल्या ड्राय टॉर्टुगाज बेटांच्या परिसरात विल्यम लाँगली हे शास्त्रज्ञ माशांच्या रंगांचा अभ्यास करीत होते. माशाचा रंग कशासाठी असतो, हा प्रश्न बाजारात मेलेला मासा पाहून सुटणारा नव्हता. तो जिवंतपणी, त्याच्याच घरात पाहायला हवा होता. १९२६ साली लाँगली यांनी 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या प्रयोगशाळेचे चार्ल्स मार्टिन यांच्या साहाय्याने तेथे ऑटोक्रोम प्रकारच्या रंगीत प्लेटवर चित्रे घेतली. या प्लेट अतिशय संथ. म्हणून पाण्यावर तराफा तरंगत ठेवून त्यावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवायचा आणि त्या लखलखाटात खाली झडप उघडायची, अशी योजना केली. एकदा भुकटी अवेळी पेटून लाँगली भाजलेही. पुढच्या वर्षी, १९२७ च्या जानेवारीत ही चित्रे प्रसिद्ध झाली तेव्हा पाण्याखालचा रंग वाचकांनी प्रथमच छापील पानावर पाहिला.

एवढा भडका कशासाठी लागला, हे समजून घेतले की माझ्या हिरव्या चित्राचाही उलगडा होतो. पाणी प्रकाशातले सगळे रंग सारखे शोषत नाही. पहिल्या काही मीटरांतच तांबडा नाहीसा होतो, मग नारिंगी, मग पिवळा. उरतो तो निळा आणि, आमच्या किनाऱ्यासारखे पाणी गढूळ असेल, तर हिरवा. खाली बोट कापले तर रक्त काळपट-हिरवे दिसते. डोळा या गोष्टीशी झटकन जुळवून घेतो आणि आठवणीतले रंग भरून काढतो, कॅमेरा तसे करीत नाही. शिवाय वक्रीभवनामुळे पाण्यातली वस्तू आहे त्याहून साधारण चतुर्थांश अंतराने जवळ आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठी भासते. नवशिका फसतो तो येथे. मासा हाताशी आला असे वाटून तो बटण दाबतो. प्रत्यक्षात मासा दूर असतो आणि मध्ये असते सगळे गढूळ पाणी. म्हणून या कलेचा पहिला नियम असा की, जवळ जा, आणि जवळ गेलास असे वाटले की आणखी जवळ जा. दुसरा नियम याहून कठीण. जवळ जायचे, पण कशालाही स्पर्श न करता.

हा दुसरा नियम शिरस्त्राणधारी पाणबुड्याला फारसा जाचत नव्हता. तो तळावर पाय रोवून उभा राही. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यावर माणूस नळीपासून सुटला. १९४३ साली झाक-इव्ह कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी मागणीनुसार हवा पुरवणारे श्वसनयंत्र सिद्ध केले. ऑस्ट्रियन हान्स हास यांनी त्याच सुमारास प्राणवायूच्या बंदिस्त श्वसनयंत्राचा वापर सुरू केला होता. त्यातून बुडबुडे निघत नसत, त्यामुळे मासे बुजत नसत. आता छायाचित्रकार उभा नव्हता, तरंगत होता. श्वास आत घेतला की तो किंचित वर उचलला जाई, सोडला की खाली. जमिनीवर चित्र स्थिर यावे म्हणून आपण क्षणभर श्वास रोखून धरतो. पाण्याखाली दाबाची हवा घेणाऱ्याने श्वास रोखून वर येणे जिवावर बेतू शकते, कारण वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. म्हणजे जमिनीवरची सवय येथे विसरावी लागते. चित्र श्वास थांबवून काढायचे नाही, श्वासाच्या लयीत काढायचे. माझ्या प्रशिक्षकाच्या त्या एका वाक्यात हा सगळा इतिहास सामावलेला होता, हे मला फार उशिरा कळले.

याच काळात या इतिहासातील मला सर्वांत जवळची वाटणारी शिकाऊ व्यक्ती येते. लोट्टे बायर्ल, पुढे लोट्टे हास, ही १९२८ साली व्हिएन्नात जन्मलेली मुलगी हान्स हास यांच्याकडे सचिव म्हणून कामाला लागली. त्यांची पुस्तके वाचून तिला समुद्राची ओढ लागली होती. मोहिमेवर आपल्यालाही न्यावे, असे तिने सुचवले. बाईमाणसाचे हे काम नव्हे, असे उत्तर मिळाले. वादविवाद न करता तिने एक गोष्ट केली. हास सुदानच्या किनाऱ्यावर गेलेले असताना त्यांचा पाण्याखालचा कॅमेरा घेऊन तिने व्हिएन्नाजवळ डॅन्यूब नदीच्या संथ पाण्यात सराव सुरू केला. तेथे ना प्रवाळ होते, ना शार्क. जे होते त्याची चित्रे तिने काढली आणि ती एका नियतकालिकाने प्रसिद्धही केली. समुद्र मिळत नसेल तर नदीवर शिकावे, हा तिचा निर्णय मला कोणत्याही पराक्रमाहून मोठा वाटतो.

१९५० साली तांबड्या समुद्रावरील मोहिमेत तिला स्थान मिळाले. मात्र ते कशामुळे मिळाले, हे पाहण्यासारखे आहे. तिची चित्रे हे एक कारण होतेच. दुसरे असे की, मोहिमेवर निघणाऱ्या चित्रपटासाठी निर्मात्यांना पडद्यावर स्त्री हवी होती. जिला कॅमेऱ्यामागे उभे राहायचे होते, तिला कॅमेऱ्यापुढे पोहावे लागले. १९५१ साली त्या चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले, लोट्टेचे नाव आणि चेहरा सर्वत्र झाला, हॉलिवुडकडून विचारणा झाली. ती तिने नाकारली. १९५० मध्येच तिचा हान्स हास यांच्याशी विवाह झाला होता. पुढे १९५६ साली त्या दोघांची समुद्रावरील मालिका बीबीसीवरून दाखवली गेली. लोक तिला 'समुद्रतळावरची मुलगी' म्हणून ओळखू लागले आणि तिने काढलेली चित्रे तिच्या स्वतःच्या चित्रामागे झाकली गेली.

१९७० साली तिने आपल्या या दिवसांचे पुस्तक लिहिले आणि त्याला तेच नाव दिले, 'समुद्रतळावरची एक मुलगी'. आपल्याकडच्या स्त्रियांच्या आत्मचरित्रांचा अभ्यास करणाऱ्यांना यात काही ओळखीचे दिसेल. इतरांनी चिकटवलेली उपाधी स्वतःच्या पुस्तकावर स्वतःच्या हाताने लिहिणे, ही शरणागती असते की ताबा मिळवणे असते, याचे उत्तर एकेका पुस्तकागणिक वेगळे येईल. लोट्टेच्या बाबतीत मला ते ताबा मिळवण्याच्या बाजूचे वाटते, कारण उपाधीतल्या त्या मुलीला येथे पहिल्यांदा आवाज मिळाला आहे. 'पहिल्यां'च्या यादीत ती 'पाण्याखालच्या चित्रपटातील पहिल्या स्त्रियांपैकी एक' म्हणून येते. डॅन्यूबच्या पाण्यातला तिचा सराव त्या यादीत कोठेच बसत नाही. २०१५ साली तिचे निधन झाले.

कूस्तो यांच्या नौकेच्या नावावरूनच पुढे एक कॅमेरा आला. बेल्जियन अभियंता ज्याँ द वाउटर्स यांनी रचलेला 'कॅलिप्सो' हा स्वतःच जलाभेद्य असलेला लहान कॅमेरा होता, त्याला वेगळी पेटी लागत नसे. निकॉन कंपनीने त्याचे हक्क घेऊन १९६३ पासून तो 'निकॉनॉस' या नावाने बाजारात आणला. २००१ साली त्या मालिकेचे उत्पादन थांबेपर्यंत हौशी पाणबुड्यांच्या दोन पिढ्या त्यावर शिकल्या. शिकल्या म्हणजे काय? बहुतेक निकॉनॉसमध्ये भिंगातून पाहण्याची सोय नव्हती. अंतर डोळ्यांनी अजमावायचे, आकडा फिरवायचा आणि बटण दाबायचे. रिळात छत्तीस चित्रे असत आणि खाली रीळ बदलता येत नसे. काय चुकले हे कळायला रीळ धुऊन यावे लागे, तोवर समुद्र कित्येक किलोमीटर मागे राहिलेला असे. आज माझ्या हातातला कॅमेरा चूक क्षणार्धात पडद्यावर दाखवतो. तरीही मी ती तेथल्या तेथे सुधारू शकलो नाही. चूक दिसणे आणि चूक कळणे यांत अंतर असते. उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईने खूण केली म्हणजे विद्यार्थी शिकला, असे मानणाऱ्या आम्हा अध्यापकांना हे अंतर ठाऊक असायला हवे.

या कलेच्या गौरवाच्या कथेला एक काळी बाजूही आहे, ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. कूस्तो आणि लुई माल यांच्या 'ल मोंद द्यु सिलाँस' या चित्रपटाला १९५६ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. समुद्राखालचे जग करोडो लोकांना त्याने दाखवले. त्याच चित्रपटात प्रवाळाच्या परिसरात सुरुंगाचा स्फोट करून मेलेले मासे मोजण्याचे आणि नौकेवरच्या माणसांनी शार्क माशांना ठार मारण्याचे प्रसंगही आहेत. त्या काळी ते अभ्यास आणि साहस या सदरात मोडत होते, आज ते पाहवत नाहीत. जे दाखवायचे त्यालाच दुखवायचे, हा विरोधाभास मोठ्या नावांपुरता मर्यादित नाही. प्रवाळाची वाढ अत्यंत सावकाश होते. चित्र चांगले यावे म्हणून शिकाऊ माणसाने तोल सावरताना टेकवलेला एक हात किंवा मारलेली एक लाथ वर्षानुवर्षांची वाढ मोडू शकते. मालवणचा परिसर १९८७ सालापासून सागरी अभयारण्य म्हणून घोषित आहे, हे मला माझ्या त्या बुडीच्या दिवशी ठाऊक होते. ठाऊक असूनही माझा हात खडकाकडे गेला, कारण शरीराला ते अजून ठाऊक नव्हते.

म्हणूनच आज जाणकार प्रशिक्षक नवशिक्याच्या हाती लगेच कॅमेरा देत नाहीत. आधी तरंगणे स्थिर व्हावे, पाय न झाडता एका जागी राहता यावे, हवेच्या काट्याकडे नजर आपोआप वळावी, मग कॅमेरा. या अटीत कोणाला गुरुगिरी दिसेल. मला तीत या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या अनुभवाचे सार दिसते. बूताँ आधी कित्येक वर्षे पाणबुडे होते, लाँगली यांनी १९२६ च्या कितीतरी आधीपासून त्या बेटांवर मासे पाहिले होते, लोट्टेने समुद्राआधी नदी पाहिली होती. चित्र हे त्यांच्या पाहण्याच्या शेवटी आले. आमच्या पिढीत ते पाहण्याच्या आधी येऊ लागले आहे.

वाङ्मयेतिहासाच्या तासाला या वर्षी मी एक लहानसा बदल केला. 'पहिली कादंबरी कोणती?' हा प्रश्न वगळला नाही, तो परीक्षेत येतोच. त्याच्यापुढे एक प्रश्न जोडला : 'त्या लेखकाला तेव्हा काय लिहिता येत नव्हते?' वर्गात बराच वेळ शांतता होती. मग एका विद्यार्थिनीने विचारले की, हे कोठे वाचायला मिळेल. तिला देण्यासाठी माझ्यापाशी पुस्तकाचे नाव नव्हते.

मागच्या डिसेंबरात पुन्हा मालवणला गेलो. प्रशिक्षक तोच होता, त्याने ओळखले. कॅमेरा हवा का, असे त्याने विचारले तेव्हा मी नको म्हटले. खाली पाणी पूर्वीइतकेच हिरवे होते. काळ्या पट्ट्यांचे मासे आले, थोडा वेळ थांबले आणि गेले. मी त्यांना मोजू शकलो. सात होते.